सरांच्या पेपरचं काय झालं

माझं काम त्वचेवरचं आहे, पण मी त्वचेची डॉक्टर नाही. टेक्सासात आल्यापासून हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की आता ते तोंडातून आपोआप निघतं. मंडळाच्या गणपतीला जेवणाच्या रांगेत कुणीतरी बाही वर करतंच. "ताई, हे जरा बघता का? इसब आहे की नायटा?" मी सांगते, "मी पीएचडीवाली. लॅबमध्ये असते. मला औषध देता येत नाही." समोरचा समजूतदारपणे मान हलवतो आणि मग दुसरी बाही वर करतो.

लॅबमध्ये मी खाजेवर काम करते. इसब झालेल्या कातडीत खाज नेमकी कुठून सुरू होते, ती सुरू झाली की थांबत का नाही, असं. वर्षं जातात, त्यातून पेपर निघतात, दुसऱ्या तज्ज्ञांनी, म्हणजे रिव्ह्यूअर्सनी, तपासले की ते कुठल्या ना कुठल्या जर्नलमध्ये छापले जातात. मग जगात दुसरं कुणी आपल्या पेपरमध्ये तुमच्या पेपरचा उल्लेख करतं, त्याला सायटेशन म्हणतात. ती मोजली जातात, आणि त्या मोजणीवर तुमचं पुढचं सगळं ठरतं.

त्या वर्षी माझं फुल प्रोफेसरपदाचं प्रकरण कमिटीपुढे जायचं होतं. आमच्या विभागप्रमुखबाईंनी मला बोलावलं. बाई स्वभावाने चांगल्या आहेत. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझ्या सायटेशनचा आलेख होता. काही वर्षं चढत गेलेला आणि मग सपाट.

"काम पक्कं आहे तुझं," त्या म्हणाल्या. "पण ते बाहेर किती पोचलंय, हे कमिटीला दिसायला हवं. एखाद्या मोठ्या ग्रुपबरोबर का नाही जात? त्यांच्या पेपरमध्ये नाव आलं की आकडा आपोआप वाढतो."

मी "विचार करते" म्हटलं. राग आला नाही. रागवायलाही अंगात थोडी ताकद लागते. पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसले, एसी लावला आणि बराच वेळ गाडी सुरूच ठेवून तशीच बसून राहिले.

हायवेला लागले तेव्हा काकूंचा फोन आला.

काकू म्हणजे माझ्या सरांच्या पत्नी. भारतातून आल्यावर मी पहिली नोकरी केली ती सरांच्या लॅबमध्ये, दूर अमेरिकेच्या ईशान्येकडच्या एका शहरात. सर नागपूरकडचे, पेशंट बघणारे खरे डॉक्टर, आणि त्या विभागात त्या काळी एकटेच भारतीय डॉक्टर. त्यांनी इसबाची तीव्रता मोजण्याची एक पद्धत बसवली होती. कातडी किती लाल, किती जाड, किती खाजवलेली, प्रत्येकाला गुण द्यायचे आणि बेरीज करायची. साधी, कुठल्याही दवाखान्यात वापरता येईल अशी. त्यावरचा त्यांचा पेपर आमच्या क्षेत्रातल्या सगळ्यांनी कधी ना कधी उद्धृत केलेला आहे. माझ्या साऱ्या पेपरांची सायटेशन एकत्र केली तरी त्या एकाच्या आसपास पोचत नाहीत. निवृत्तीनंतर सर आणि काकू प्लेनोला मुलीकडे राहायला आले होते. माझ्या घरापासून फार लांब नाही, तरी माझं जाणं सणासुदीपुरतंच उरलं होतं.

"शनिवारी येशील का गं?" काकू म्हणाल्या. "ह्यांचं विसरणं फार वाढलंय. आणि सारखं पेपरचं विचारतात."

"कुठल्या पेपरचं?"

"तोच गं, त्यांचा मोठा. ह्यांना वाटतं तो नुकताच पाठवलाय आणि जर्नलकडून अजून उत्तर यायचंय. मला त्यातलं काय कळतं? तू बोल त्यांच्याशी."

शनिवारी गेले. दार मुलीनेच उघडलं. ती इथेच जन्मलेली, एका कंपनीच्या कायदे विभागात मोठ्या हुद्द्यावर. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. स्वयंपाकघरात काकू रवा भाजत होत्या. मुलगी मला दारातच हळू आवाजात इंग्रजीत म्हणाली, "आई रोज त्यांना सांगते, पेपर ॲक्सेप्ट झाला. ते खूश होतात, शिरा कर म्हणतात. झोपून उठले की पुन्हा तोच प्रश्न. मग पुन्हा तेच नाटक. मला हे बघवत नाही. आपण त्यांना रोज फसवतोय."

काकूंना ऐकू गेलं असावं. झाऱ्याचा आवाज थांबला. "फसवणं कसलं त्यात? क्षणभर तरी माणूस हसतो ना? मलाच आता रव्याचा वास नको झालाय, पण करते."

सर मागच्या खोलीत खिडकीशी बसले होते. वाळलेले होते, पण शर्ट इस्त्रीचा, केस नीट विंचरलेले. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. नाव आठवलं नाही, पण मी लॅबमधली आहे एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"ये, ये. रिव्ह्यूअर्सचं काही आलं का?"

ॲक्सेप्ट झाला, असं मी म्हणणार होते. काकू दारात उभ्याच होत्या. पण ज्या माणसाने मला समोर आलेल्या प्रत्येक आकड्यापुढे "हे तुला कसं कळलं?" विचारायला शिकवलं, त्याच्यापुढे ते तोंडून निघेना. मी म्हटलं, "अजून काही नाही, सर."

ते थोडे हिरमुसले. मग म्हणाले, "हे लोक फार वेळ लावतात. बरं, तोवर दुसरं काही वाचायला असलं तर आण. रिकामं बसवत नाही."

पुढच्या शनिवारी मी त्यांचाच तो पेपर घेऊन गेले. वरचं नाव आणि संस्था काढून, मोठ्या अक्षरात छापून. फार विचार केला नव्हता. आपलंच लिहिलेलं वाचताना कुठेतरी ओळख पटेल, कदाचित समाधान वाटेल, एवढीच आशा होती.

"कुणाचा आहे?" त्यांनी विचारलं.

"नाव काढून पाठवलाय, सर. तुमचं मत हवंय."

त्यांनी पेन्सिल मागून घेतली. मग मी पाहिलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. सकाळी दात घासले की नाही हे ज्याला आठवत नव्हतं, तो माणूस ओळीन् ओळ वाचत होता. मध्येच एका विशेषणावर काट मारली. एका तक्त्यावर पेन्सिल ठेवून बेरीज पडताळली, बरोबर आल्यावर "हं" केलं. "लिहिलंय बरं," म्हणाले. "माणूस नवा दिसतो. घाईत आहे, पण प्रामाणिक आहे."

मग ते लालपणाच्या परिच्छेदापाशी आले आणि थांबले. पुन्हा वाचलं. शर्टाची बाही गुंडाळून स्वतःचा हात माझ्यापुढे धरला.

"यावर लाल कुठे दिसणार?"

मी त्यांच्या सावळ्या हाताकडे बघितलं.

"तिकडे आमच्या ओपीडीत इसब जांभळट दिसायचा. राखाडी दिसायचा. कधी नुसतीच काळवंडलेली कातडी, आणि पोर रात्रभर खाजवतंय. याच्या हिशेबाने त्या पोराला काहीच झालेलं नाही. पेशंट कुठले घेतलेत याने?"

"इथलेच, सर."

"सगळे गोरे?"

तक्ता त्यांच्याच हातात होता. "बहुतेक," मी म्हटलं.

"मग तसं शीर्षकात लिहा म्हणावं. जगातल्या सगळ्या कातडीबद्दल बोलायचं असेल तर सगळी कातडी बघ म्हणावं आधी." आणि पहिल्या पानावर कोपऱ्यात त्यांनी इंग्रजीत लिहिलं, मेजर रिव्हिजन. म्हणजे मोठी दुरुस्ती केल्याशिवाय छापू नये.

त्यांनी सांगितलेलं काही नवीन नव्हतं. सावळ्या आणि काळ्या कातडीवरचा लालपणा नजरेतून सुटतो, त्यामुळे आजार सौम्य समजला जातो, हे आमच्या क्षेत्रात आता बरेच जण बोलतात. पण ते सरांच्या तोंडून, सरांच्याच पेपरबद्दल ऐकताना मला खुर्चीत नीट बसवेना.

निघताना मी काकूंना विचारलं, हे त्यांना त्या वेळी दिसलं नसेल का?

काकू भांडी पुसत होत्या. "दिसलं नसेल कसं? घरी बोलायचे की. पण तिथे ह्यांना मिळतील ते पेशंट घ्यावे लागायचे. म्हणायचे, आधी यांच्या दारात पाऊल तर टाकू दे, मग आपल्याकडचं बोलेन. पेपर गाजला. मग सगळीकडून बोलावणी, भाषणं. ते राहूनच गेलं."

मला वाटलं, इथेच हे संपलं. पण त्या दिवसानंतर सरांचा प्रश्न बदलला. "ॲक्सेप्ट झाला का?" हे त्यांनी सोडलंच. आता ते विचारायचे, "त्या माणसाने दुरुस्ती करून पाठवलं का?" काकूंनी हो म्हटलं तर "दाखव" म्हणायचे. नाही म्हटलं की चिडायचे, येरझाऱ्या घालायचे, जेवायचं सोडून उठायचे.

मुलीचा फोन आला. आवाज कोरडा होता. "आधी ते रोज खूश तरी व्हायचे. आता ते रोज वाट बघतात. ताई, तू चांगल्या मनानेच केलंस, मला माहितेय. पण आईचे हाल होतायत."

बाबांना असं फसवायला नको म्हणणारीही तीच होती, पण मी ते काढलं नाही. ती दिवसभर ऑफिसात, संध्याकाळी बापाच्या मागे. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि ती चूकही नव्हती.

मग मी ती दुरुस्ती करायला घेतली. यात थोर असं काही नव्हतं. माझ्याकडे प्रमोशनची फाईल अर्धवट पडली होती, मोठ्या ग्रुपला पाठवायची ईमेल लिहून तशीच राहिली होती. मी खूप दमलेली होते. दमलेल्या माणसाला बहुतेक एकच काम जमतं, जे कुणीतरी समोर बसून मागतंय ते. आमच्याकडे वेगवेगळ्या वर्णांच्या पेशंटांचे फोटो, तपासणीच्या नोंदी आणि कातडीचे नमुने होतेच, संमतीने घेतलेले, दुसऱ्या कामासाठी जमवलेले. आवश्यक त्या परवानग्या घेऊन मी सरांची पद्धत त्यावर लावून बघितली. नमुन्यात सूज भरपूर आणि गुण मात्र कमी, असं सावळ्या कातडीत पुन्हा पुन्हा दिसलं. लालपणाऐवजी रंगातला फरक आणि हाताला लागणारा खरखरीतपणा धरला तर ते अंतर बरंच कमी होत होतं. एक छोटा लेख होईल, एवढं निघालं.

विभागप्रमुखबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी सुस्कारा सोडला. "चांगलं आहे. पण कमिटीच्या नजरेत हे छोटं काम आहे. या वर्षी याला वेळ देऊ नकोस." त्यांचं खरं होतं.

शनिवारी मी लिहिलेलं घेऊन जायची आणि सरांना वाचून दाखवायची. काही शनिवार फुकट जायचे. एकदा त्यांनी मला विम्याच्या कंपनीची बाई समजून दरवाजापर्यंत पोचवलं. एकदा मी वाचत होते आणि ते ऐकता ऐकता झोपून गेले. पण एखाद्या दिवशी ते ताठ बसायचे. "सिद्ध होतं नको. सूचित होतं लिही," असं म्हणायचे. किंवा, "हाताला काय लागतं ते आधी लिही. डॉक्टर हल्ली हात लावत नाहीत पेशंटला." ते मी लेखात घेतलं, शेवटचं वाक्य अर्थातच गाळून.

या सगळ्यात काकू आम्हाला चहा आणून द्यायच्या आणि मी तिथे आहे हे बघून मागच्या अंगणात जाऊन बसायच्या. काही करायच्या नाहीत. नुसत्या बसायच्या. त्यांना तेवढाच वेळ एकटीला मिळत होता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

लेख तयार झाला तेव्हा नावाचा प्रश्न उभा राहिला. जेवणाच्या टेबलाशी आम्ही तिघी बसलो होतो.

"ह्यांचं नाव पहिलं घाल," काकू म्हणाल्या.

"नो," मुलगी म्हणाली. तिने ताट बाजूला सारलं. "बाबांना आज विचारलं तर हो म्हणतील. उद्या विचारलं तर पेपर कसला म्हणतील. शुद्धीत असते तर स्वतःच्या कामाविरुद्ध असं छापलं असतं का, मला माहीत नाही. तुला माहितेय? आईला माहितेय? मग आपण त्यांच्या नावाने कसं बोलायचं?"

"अख्खं आयुष्य नावासाठी झिजलाय तो माणूस," काकूंचा आवाज चढला. त्या नेहमी 'हे' म्हणत, 'तो' मी पहिल्यांदाच ऐकलं. "आणि जे बोलायचं राहिलं होतं ते आत्ता बोलतोय, तर त्याला नाव नाही?"

मला दोघींचंही पटत होतं, आणि त्याने काहीच सुटत नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "काकू, लेखावर ज्याचं नाव असतं त्याला उद्या कुणी प्रश्न विचारला तर उत्तर द्यावं लागतं. सरांनीच मला हे शिकवलंय. त्यांना आता उत्तर देता येणार नाही. मी त्यांच्या नावाआड उभी राहू शकत नाही."

काकू उठून गेल्या. त्या दिवशी त्या मला सोडायला दारापर्यंतही आल्या नाहीत.

आठवड्याभराने मुलीचा मेसेज आला. लेखाच्या शेवटी आभाराचा एक परिच्छेद असतो, त्यासाठी एक वाक्य तिने आणि काकूंनी मिळून लिहिलं होतं. हे काम मूळ पद्धतीच्या जनकाने आयुष्याच्या उत्तरार्धात विचारलेल्या एका प्रश्नातून सुरू झालं, कुटुंबाच्या परवानगीने त्यांचे आभार, असं काहीसं. खाली तिने लिहिलं होतं, 'विचारलेल्या' हा शब्द आईचा. मी एकही अक्षर न बदलता ते घेतलं.

लेख पाठवला. परत आला. एका परीक्षकाचं म्हणणं होतं, एवढ्या मान्यवर पद्धतीवर शंका घ्यायला नमुने कमी पडतात. मी आणखी नमुने घातले, वाक्यं आणखी मऊ केली, पुन्हा पाठवला. तो घेतला गेला ते कळलं त्याच आठवड्यात कमिटीचं पत्रही आलं. या वर्षी नाही, पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज करावा. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग यार, आज बाहेरून मागवू या." आम्ही थाई मागवलं आणि टीव्ही बघत जेवलो.

सरांना सांगायला गेले तोवर त्यांचं विचारणं बंद होऊन काही आठवडे झाले होते. मी त्यांच्यासमोर लेखाची प्रत ठेवली. "सर, दुरुस्ती झाली. छापून येतोय."

त्यांनी पानं चाळली, उलटी सुलटी. मग माझ्याकडे बघून अनोळखी माणसाशी बोलावं तसे नम्रपणे म्हणाले, "अभिनंदन हं तुमचं. फार मेहनत असते यात."

सरांनी मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. मी "थँक्यू सर" म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

हिवाळ्यात ते एकदा पहाटे घराबाहेर पडले आणि शेजाऱ्यांनी त्यांना परत आणलं. त्यानंतर मुलीने त्यांच्यासाठी विसरणाऱ्या माणसांची सोय असलेलं एक घर बघितलं. काकू आधी तयार नव्हत्या, मग झाल्या. रोज दुपारी जातात, त्यांना भरवतात, परत येतात. शनिवारी मुलगी जाते. तेव्हा काकू माझ्याकडे येतात.

आमच्यात त्या लेखाचा विषय कधी निघत नाही. त्याला काही सायटेशन मिळाली आहेत. थोडीच, आणि बरीचशी घाईत लिहिलेली. त्यातल्या एकात तर आमचं म्हणणं उलटंच मांडलंय. दुरुस्तीसाठी लिहावं असं मनात येतं आणि राहून जातं.

गेल्या शनिवारी काकू आल्या त्या थेट सोफ्यावर टेकल्या. मी वाटाणे सोलत होते. त्यांनी मूठभर शेंगा ओढून घेतल्या.

"तुझं ते प्रोफेसरचं काय झालं गं?"

"पुन्हा अर्ज करायचाय."

"करशील?"

"करीन. बाईंनी पुन्हा मोठ्या ग्रुपचं काढलंय. या वेळी त्यांना हो म्हणेन असं वाटतंय."

काकूंनी चारदोन शेंगा सोलल्या, आणि मग हात तसेच मांडीवर ठेवून, बसल्या बसल्याच त्यांना झोप लागली. मी त्यांच्या ओंजळीतले दाणे हलकेच काढून घेतले आणि पडदा ओढला.